शिजवलेली माती

उकडलेल्या तणसाचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. धान मळून झालं की जे वाळलेलं काड उरतं, त्याला आमच्या एकोडीकडे तणस म्हणतात. पूर्वी ते बैलांसाठी रचून ठेवायचे. पुढे आमचे बैल विकले गेले, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला आणि कोठा रिकामा पडला. माय त्या रिकाम्या कोठ्यात बरेच दिवस नुसतीच जाऊन उभी राहायची. शेण नाही, घंटा नाही, करायला काही नाही. मग एका हिवाळ्यात कुठलंसं दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आली आणि शेजारच्या सुभद्राकाकूला सोबत घेऊन तिने त्या कोठ्यात अळिंबी लावली. घरामागच्या सांदवाडीत तीन दगडांची चूल मांडली, त्यावर डांबराचा जुना ड्रम घासून ठेवला. दोघी समोरासमोर बसून विळ्याने तणस बोटभर कापायच्या, ड्रमात उकडायच्या, निथळायला खाटेवर पसरायच्या आणि मग बियाणं घालून पिशव्यांत भरायच्या. त्या खाटेखालून पाणी टपकत राहायचं. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं कोणी विचारलं तर मी बैलांच्या घंटेच्या आधी तोच सांगेन, खाटेखालच्या टपटपीचा.

आमच्याकडे अळिंबी हा शब्द कोणी वापरत नाही. पावसात वारुळापाशी ज्या उगवतात त्या सात्या. त्या मिळाल्या की घरात सण. जवसाच्या तेलात कांदा लाल करायचा, सात्या हातानेच फाडून टाकायच्या, कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, भिजवून वाटून रस्सा दाट करायचा आणि वरून संभार, म्हणजे कोथिंबीर. पण वारुळाच्या सात्या मोजके दिवस मिळायच्या आणि त्यांची जागा ज्याला माहीत तो भावालाही सांगत नसे. मायच्या कोठ्यातल्या मात्र कोणालाही मिळायच्या. लोक त्यांना 'घरच्या सात्या' म्हणू लागले. लाखोळीच्या डाळीचा कंटाळा आलेली पोरं ताटली घेऊन दारात यायची. दोन हिवाळे असे छान गेले. माय साकोलीच्या बाजारात टोपलं घेऊन बसायची आणि रिकामं टोपलं डोक्यावर उपडं घालून परत यायची. रस्त्याने येताना ती तशी दिसली की मला कळायचं, आज सगळ्या खपल्या.

मी बारावी झाले आणि साकोलीच्या कॉलेजात सायन्सला नाव लागलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा ते कोणाला सांगायचे नाहीत, पण माझी एसटीची वेळ त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. माझं मात्र तिथे फारसं ठीक चाललेलं नव्हतं. सर बोलायचे त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. 'समजलं का?' असं त्यांनी विचारलं की मी सगळ्यांबरोबर मान हलवायचे. ती मान हलवायची सवय मी घरीही घेऊन आले, आणि हे प्रकरण खरं तर त्या सवयीचंच आहे.

त्या वर्षी रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर मायच्या मनात दुधी अळिंबी लावायचं आलं. हिवाळ्यात लावायचो ती धिंगरी अळिंबी नुसत्या तणसावर येते, तिला माती लागत नाही. दुधी उकाड्यात आणि पावसाळ्यात येते, पण पिशवीतलं तणस पांढऱ्या धाग्यांनी भरलं की वरून मातीचा थर घालावा लागतो. प्रशिक्षणात मिळालेली एक पातळ पुस्तिका होती. माय आणि काकू दोघींनाही जेमतेम सही यायची. वाचून दाखवायचं काम माझं.

त्या सकाळी मी कॉलेजची बॅग खांद्याला अडकवूनच वाचत होते. "आच्छादनाची माती निर्जंतुक करून घ्यावी," मी वाचलं.

"म्हंजे काय करून?" मायने विचारलं.

मला नक्की माहीत नव्हतं. शब्द ओळखीचा होता, दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेला होता, पण मातीला ते कसं करतात हे मला ठाऊक नव्हतं. 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तेव्हा माझ्या तोंडून निघत नसत. कॉलेजात नाव लागलेल्या मुलीने ते घरी कसे म्हणायचे?

"साफ करून," मी म्हणाले. "स्वच्छ."

"थे तं करतोच," काकू म्हणाली. "माती का अशीच उचलून टाकाची हाय?"

कृती पुढच्या पानावर होती. एसटीची वेळ झाली होती. मी पुस्तिका मिटून कोनाड्यात ठेवली.

काकूने माती साफ केली. ती ज्या पद्धतीने केली ते मला आजही आठवतं आणि म्हणूनच जास्त लागतं. उन्हाळ्यात तलाव आटला की आमच्याकडे त्याचा गाळ बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नेऊन टाकतात. गाळ पडलेल्या बांधीतलं धान दुरूनही काळंहिरवं दिसतं. गाळापेक्षा चांगली माती असते असं आमच्या गावात कोणाला सांगितलं तर तो हसेल. काकूच्या घरामागे उन्हाळ्यातल्या गाळाचा ढीग होता. त्यातून तिने घमेली भरून आणली, ढेकळं फोडली, मुळं काढली, गोगलगायींचे शंख वेचून बाजूला केले. मग घरून स्वतःची तांदळाची चाळणी आणली आणि सगळी माती त्यातून चाळली. इतकी मऊ की कपाळाला लावावी, आणि पहिली ओंजळ तिने खरंच कपाळाला लावली. मग दोघींनी एकेका पिशवीवर ती हाताने पसरली, वरून पाणी शिंपडलं.

काही दिवस सगळं ठीक होतं. पांढरं सूत माती फोडून वर आलं, बारीक टाचणीएवढी डोकी दिसली. माय रोज सकाळी चहाच्या आधी कोठ्यात जायची आणि बाहेर येऊन बाबांना सांगायची, किती पिशव्यांना डोळे फुटले. मग एका सकाळी ती काही न बोलताच चहा ओतू लागली. मी आत जाऊन पाहिलं. कालपर्यंत पांढरी होती ती माती ठिकठिकाणी काळी आणि चिकट झाली होती. डोकी पिवळसर तपकिरी पडून पाण्यासारखी मऊ झाली होती. पिशवी दाबली तर आतलं तणस खचत होतं, त्यातला पांढरेपणाच कोणीतरी पुसून नेला होता, आणि औषधाच्या बाटलीसारखा एक कुजकट वास येत होता. पाच-सहा दिवसांत ते पिशव्या मांडलेल्या एका मांडवावरून दुसऱ्या मांडवावर गेलं. माय रोज एकाच बादलीतून, एकाच हाताने सगळ्यांना पाणी शिंपडत होती. आपणच ते वाटत फिरतोय हे तिला कसं कळणार?

"वर आलं होतं," ती म्हणायची. "वर येऊन मंग गेलं कुठं?"

दमलेलं माणूस कारण शोधत नाही, माणूस शोधतं. त्या दिवशी काकू नेहमीसारखी आली, तेव्हा माय ओट्यावर बसली होती. "सुभद्रे, धिंगरीले तं कधी असं झालं नाही," माय म्हणाली. "धिंगरीले तुह्या हातची माती नव्हती."

काकू दारातच थांबली. "माह्या हाताले का झालं?"

"मले का मालूम? माती तूच आनली, तूच चाळली."

"म्या चाळली म्हनून तुह्या पिशव्या सडल्या?"

"म्या का तसं म्हनली?"

"मंग कसं म्हनली?" काकूने कोपऱ्यात लावून ठेवलेली आपली चाळणी उचलली, पदराने पुसली आणि गेली. एका कुडाच्या पलीकडे तिचं घर, पण त्यानंतर तिचा आवाजसुद्धा आमच्याकडे येईना. माय दोन माणसांचं तणस एकटी कापू लागली.

मी खराब पिशवीतला एक तुकडा जुन्या डब्यात घालून कॉलेजात नेला. झूलॉजीच्या प्रॅक्टिकलच्या सरांना दाखवायचं धाडस व्हायला दोन दिवस लागले. तोवर डब्याचा वास बसमध्ये सगळ्यांना आला होता. सरांनी नाक मुरडलं नाही. तुकडा फडक्यात बांधून पाण्यात लटकवून ठेवला, दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला आणि मला म्हणाले, "बघ." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. केसाच्या तुकड्यासारखे, काचेसारखे पारदर्शक जीव वळवळत होते, शेपटी आपटत होते, एकमेकांत गुंतून परत सुटत होते. "सूत्रकृमी," सर म्हणाले. "यातल्या काहींच्या तोंडात सुई असते. बुरशीच्या धाग्यात खुपसतात आणि रस ओढून घेतात. धागा मरतो. बाकीचे ते सडलेलं खाऊन वाढतात. माणसाला यांचं काही होत नाही." मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. कॉलेजात आल्यापासून एखादी गोष्ट मला पहिल्यांदाच खरोखर समजली होती. मला आनंद झाला. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण झाला. मायचा कोठा खाणारे जीव पाहून मला आनंद झाला, आणि तो आनंद तसाच घेऊन मी संध्याकाळच्या बसने घरी आले.

सांदवाडीत तीन-चार बायका सात्या घ्यायला आलेल्या. कोपऱ्यातल्या काही पिशव्या अजून चांगल्या होत्या, माय त्यांच्याच तोडून देत होती. एकीच्या कडेवर पोर होतं. त्याच आठवड्यात अंगणवाडीत पोरांना जंताच्या गोळ्या दिल्या होत्या.

"माय, सापडलं," मी दारातूनच म्हणाले. "काकूच्या हाताचं काही नाही. सूत्रकृमी आहेत."

"का हाय?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मला त्यांना समजेल असं सांगायचं होतं. यात दुसरा हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. "जंत," मी म्हणाले. "बारीक जंत. पिशवीभर आहेत. मी डोळ्यांनी पाहिले."

कडेवर पोर असलेल्या बाईने हातातल्या सात्या सावकाश परत टोपल्यात ठेवल्या. मी पुढे सांगत होते, हे पोटातले नव्हेत, हे बुरशीच खातात, माणसाला काही करत नाहीत. पण 'जंत' या शब्दाच्या पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही.

"आमच्या पोट्ट्यानं परवाच खाल्ल्या वं बाई," ती म्हणाली. "तरीच रातभर दात खाऊन राहिला होता."

दोन दिवसांत गावभर झालं. दुकानापाशी बाबांना कोणीतरी म्हणालं, "का गा भाऊ, सात्यासंग गोळी बी देता का?" बाबा घरी येऊन हसत हसत सांगत होते, पण जेवले कमी. साकोलीच्या बाजारातही आमच्या गावचे लोक जातातच. माय टोपलं घेऊन गेली आणि तसंच भरलेलं घेऊन आली. मी ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत होते. टोपलं उपडं नव्हतं. तिने ते उतरवलं, पाय धुतले, आणि भाकरी टाकायला बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं मी तेव्हा म्हणत असे. आता मला वाटतं, ओरडायलाही अंगात थोडी ताकद उरलेली असावी लागते.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "दिवाळीमांगून धान येईल. कोठ्यात पोते ठिवू. जागा कायले वाया घालवाची?"

मायने माझ्याकडे न पाहताच विचारलं, "आले कुठून थे?"

"कोण?"

"तुहे जंत. तणस तं म्या उकडलं होतं. उकडल्यावर का जित्तं राहते?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "माती वाफवली होती ना? गाळात, शेणखतात हे असतातच." घरी आल्यावर मी कोनाड्यातली पुस्तिका काढली आणि त्या सकाळी न उलटलेलं पान उलटलं. सगळं तिथे होतं. माती पोत्यात भरून बंद ड्रममध्ये वाफेवर ठेवावी, किती वेळ, मग कशी थंड करावी. निर्जंतुक. काकूने मला विचारलं असतं तर तिने माती वाफवली असती, धान उकडणाऱ्या बाईला त्यात काय अवघड होतं? पण विचारलं होतं की. मायने विचारलं होतं, काकूच्या समोरच. मी 'साफ' म्हणाले होते, आणि काकूने गावातल्या कोणाहीपेक्षा साफ माती केली होती.

हे कळल्यावर मी लगेच सांगायला हवं होतं. मी आठवडाभर गप्प राहिले. माय आता तणस कापतच नव्हती, कापायला काही कारणच नव्हतं. ती खराब पिशव्या एकेक करून घरापासून लांब, बांधाच्या पलीकडे खड्ड्यात नेऊन पुरत होती. कुडापलीकडून काकूच्या भांड्यांचा आवाज यायचा. माय हातातलं काम थांबवून तो ऐकायची. आता मी शाळेत शिकवते, तेव्हा 'समजलं का?' असं विचारून वर्गभर माना हलल्या की मी पुढे जात नाही. थांबते. पोरं कंटाळतात. त्यांना वाटतं बाईंना घाई नसते.

शेवटच्या पिशव्या न्यायच्या दिवशी मी घमेल्याची एक बाजू धरली. खड्ड्यापाशी पोचल्यावर मी सांगितलं. पान, शब्द, एसटी, सगळं. मायने घमेलं खाली ठेवलं आणि बांधावर बसली.

"मले मालूम नाही, असं तवाच म्हनली असतीस," ती म्हणाली, "तं म्या का तुले मारली असती?"

"नाही."

"आमाले रोजच का का मालूम नसते. आमी मेलो का?" तिने हातावरची काळी माती खरवडली. मग म्हणाली, "मले नोको सांगू. ज्या बाईले म्या बोलली, तिले जाऊन सांग. म्या मांगून येतो."

काकू तिच्या ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मला पाहून तिने सूप थांबवलं नाही. मी उभ्यानेच बोलत गेले. मध्ये एकदा अडखळले तर तिने "हं" केलं, तेवढंच. सगळं झाल्यावर तिने सूप मांडीवर ठेवलं.

"मंग त्या शब्दाचा अर्थ का हाय वं?"

"वाफेवर ठेवायची. बंद भांड्यात. आतले जीव मरेपर्यंत."

"शिजवाची."

"हो."

"मंग शिजवलेली माती म्हनाचं ना. कायले एवढा मोठा शब्द टाकते थे पुस्तकवाले?" तिने सुपातला एक खडा शोधून बाहेर फेकला. "म्हंजे माही माती खराब नव्हती. तुही मराठी खराब होती."

मी मान हलवली. मग आठवलं, आणि तोंडाने म्हणाले, "हो काकू. माझंच चुकलं."

"मोठी पोट्टी झाली," काकू म्हणाली, ते कौतुक होतं की टोमणा ते मला कळलं नाही. कुडाच्या फटीतून मायच्या लुगड्याचा काठ दिसत होता. ती आत येत नव्हती, पण जातही नव्हती. काकूने तिकडे पाहून आवाज चढवला. "आन् कुडामांगं उभ्या रायलेल्या बाईले सांग, आयकाचं असन तं इकडं येऊन आयका."

सगळं पहिल्यासारखं झालं असं मी लिहिणार नाही. गावात 'जंतवाल्या सात्या' हे नाव राहिलंच. आजही एखादा म्हातारा मला रस्त्यात पाहून ते म्हणतो आणि स्वतःच हसतो. ताटली घेऊन येणारी पोरं परत आली नाहीत. दिवाळीनंतर कोठ्याच्या अर्ध्या भागात बाबांनी धानाची पोती लावली. उरलेल्या अर्ध्यात माय थोड्या पिशव्या लावत राहिली, घरापुरत्या, कधी वाळवून बाहेरगावी पाठवायला. तिची कंबर तेव्हाच धरू लागली होती. माझंही ते पहिलं वर्ष कसंबसं निघालं.

पण काकूला सांगितलं त्या आठवड्यात, पोती यायच्या आधी, त्या दोघींनी एकदा माती शिजवली. काकू चाळणी घेऊन आली, कुडाला फेरा न घालता फटीतून सरळ. गाळ पुन्हा चाळला, भिजवला, पोत्यात भरला. ड्रमाच्या तळाशी विटा, त्यावर पाणी, वर पोतं, वर झाकण, झाकणावर ओलं फडकं. चूल पेटली. मी बाजूला बसून पुस्तिका वाचत होते आणि आता प्रत्येक ओळीनंतर थांबत होते. दोघींनी माझ्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. हळूहळू सांदवाडीभर वास पसरला, तलाव आटत आला की येतो तसा, चिखलाचा आणि शिंपल्यांचा, पण गरम.

"तलाव शिजून राहिला," काकू म्हणाली.

माय हसली नाही, पण लाकूड आत सारताना थोडी काकूच्या बाजूला सरकली. बऱ्याच वेळाने तिने झाकण सरकवलं, वाफ तोंडावर आली. डोळे मिटून तिने पोत्याच्या तोंडातून चिमूटभर माती काढली आणि भाताचं शीत दाबून पाहावं तशी बोटांत दाबली. मग दुसरी चिमूट काढून काकूच्या हातावर ठेवली.

काकूनेही दाबून पाहिली. "शिजली का?" मायने विचारलं.

"कच्ची वाटते," काकू म्हणाली. "अजून एक वाफ येऊ दे."